नियम कसा वाचावा, याचे नियम : काशीचे नागेशभट्ट काळे आणि संगणकाची भाषा (थ्रेड)

आमच्या देवणीकडे सहज कानी पडावे असे एक वाक्य घ्या : “पाऊस आला तर, बैल मोकळे असले तर गोठ्यात बांध, नाहीतर शेतावर जा.”

यातले ‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’चे? पाऊस आला नाही तर शेतावर जायचे, की पाऊस आला आणि बैल आधीच बांधलेले असले तर? सालगडी प्रसंग पाहून अर्थ लावतो. संगणकाला ती सोय नाही.

हाच पेच संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांपुढे उभा राहिला. ‘अल्गोल ६०’ने ‘तर’पाठोपाठ थेट दुसरे ‘जर’ येऊच दिले नाही. हवेच असेल तर ते ‘बिगिन’ आणि ‘एंड’च्या कुंपणात घालावे. ‘सी’ भाषेचा संकेत निराळा : ‘एल्स’ सर्वांत जवळच्या मोकळ्या ‘इफ’चा. (या न्यायाने आपला गडी भर पावसात शेतावर निघेल!)

म्हणजे नियम लिहून भागत नाही. तो कसा वाचावा हेही ठरवावे लागते. संस्कृत व्याकरणात अशा नियमाला ‘परिभाषा’ म्हणतात. पाणिनीची सूत्रे सुमारे ४,०००. दोन तुल्यबळ सूत्रे एकाच जागी भिडली, तर क्रमाने नंतरचे लागू करावे, असे त्याने स्वतःच सांगितले. तेवढ्याने भागले नाही. कात्यायन, पतंजली आणि पुढचे टीकाकार शतकानुशतके वाद घालत राहिले.

अठराव्या शतकात त्या वादांची कसून छाननी केली नागेशभट्टांनी, ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात. वास्तव्य काशीत, पण घराणे मराठी, उपनाम काळे. नंतरच्या सूत्राहून नित्य, नित्याहून अंतरंग आणि अंतरंगाहून अपवाद बलवान, ही उतरंड त्यांनी बारकाव्यांनिशी तपासली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांनी १८६८ मध्ये या ग्रंथाची संहिता छापली आणि १८७४ मध्ये इंग्रजी भाषांतर.

आता १९६७ कडे या. त्या वर्षी पुण्याच्या भांडारकर संस्थेने काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचा ‘परिभाषासंग्रह’ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत पीटर इंगरमन यांनी एका पत्रातून सुचवले की, अल्गोलचे व्याकरण ज्या लेखनपद्धतीत मांडले, तिला ‘पाणिनी–बॅकस’ म्हणावे. योगायोगच! पाणिनीने संगणक शोधला, असे यातून कुणी काढू नये. बॅकसची पद्धत वाक्याचा सांगाडा सांगते. पाणिनीची सूत्रे शब्द घडवतात, बदलतात. साम्य आहे, एकरूपता नाही.

इंगरमन यांची सूचना काही रुळली नाही. पाठ्यपुस्तकांत आजही ‘बॅकस–नाऊर’च आहे.