शून्य पूर्णांक एकोणऐंशी

मामेभावाचा लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्याचा निकाल लागलेलाच होता. 'मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार,' असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. भावाचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट सबमिशनला नऊ दिवस, आणि मामाने पतपेढीत कर्जाची चौकशीही करून ठेवलेली. "दादा, तू फक्त एकदा बघ," एवढंच भाऊ म्हणाला.

चालू व्हायलाच चार मिनिटं. टास्क मॅनेजर उघडला. मूळ वेग १.६० गिगाहर्ट्झ, प्रत्यक्ष वेग ०.७९. व्हायरस नाही, पॉवर सेटिंग ठीक, पंखा फिरतोय. तापमान ४४ अंश. हे शेवटचं खटकलं. तापलेला प्रोसेसर स्वतःला हळू करतो हे माहीत होतं, पण हा तर थंडगार. शिवाय तापलेल्याचा आकडा खाली-वर होत राहतो, हा ०.७९ वर खिळा ठोकल्यासारखा बसला होता.

प्रोसेसरने मुद्दाम हळू चालायचं, ही गोष्ट तशी जुनी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. तेव्हाचे बरेच गेम घड्याळ बघायचेच नाहीत. प्रोसेसर अमुकच वेगाचा आहे असं धरून चालायचे. पुढे दुप्पट वेगाची मशिन आली आणि त्याच गेममधला माणूस दुप्पट वेगाने धावून मरायला लागला. म्हणून डब्यावर 'टर्बो' बटण आलं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग वेग कमी करायला! तेव्हा हळू चालायचं की नाही हे निदान माणूस ठरवत होता.

तो अधिकार उष्णतेकडे कसा गेला, ही खरी गोष्ट. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. ट्रान्झिस्टर लहान करा, त्याच प्रमाणात व्होल्टेज कमी करा. तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतील, जास्त वेगाने चालतील आणि तरी त्या जागेतली उष्णता वाढणार नाही. आमच्या धंद्याला मिळालेली ही जवळजवळ फुकटची मेजवानी. सुमारे तीस वर्षं आमचा सगळा व्यवसाय तिच्यावर जेवला. कोड संथ असला तरी चालायचं, दीड-दोन वर्षांनी मशिनच वेगवान व्हायचं. (ती सवय आमच्यातल्या अनेकांची अजून गेलेली नाही.)

पण ट्रान्झिस्टर फार लहान झाले तसे बंद असतानाही वीज गळू द्यायला लागले, आणि व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास येऊन अडकलं. २००१ साली इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत सांगितलं, की हे असंच चाललं तर चिपमधल्या उष्णतेची घनता अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या नळकांड्याइतकी, आणि पुढे सूर्याच्या पृष्ठभागाइतकी होईल.

त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक व्हिडिओ केला. क्वेक ३ हा गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून काढायचा! त्यांच्या चाचणीतल्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला आणि तो मेला. पेंटियम ४ मात्र मरगळला. गेम रखडत रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा पळायला लागला. पेंटियम ४ तापला की आपल्या घड्याळाचे काही ठोके गाळायचा, म्हणजे चक्क मधेमधे काम थांबवायचा. मला हा व्हिडिओ आजही त्या काळातली सगळ्यात प्रामाणिक जाहिरात वाटतो, जरी ती कुणाची जाहिरात नव्हती.

एवढं करूनही पेंटियम ४ हरलाच. इंटेलला हा वंश दहा गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचा होता. तो ३.८ वर थांबला. २००४ च्या मे महिन्यात त्याचा वारस 'तेजस' रद्द झाला, आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसरही. त्यावर प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर, अर्धवट थट्टेत का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. पुढची वाट इस्राएलमधल्या हैफाच्या गटाने लॅपटॉपसाठी केलेल्या, कमी गिगाहर्ट्झच्या पेंटियम एममधून निघाली. नंतरचे कोअर प्रोसेसर त्याच घराण्यातले. गरज नसेल तेव्हा मंद, गरज असेल आणि थंडावा असेल तेव्हा जोरात, हा आजच्या प्रत्येक लॅपटॉपचा स्वभाव तिथून पक्का झाला.

या सगळ्यात एक छोटी तार राहून गेली, आणि भावाचा लॅपटॉप तिच्यातच अडकला होता. प्रोसेसरला 'प्रॉचॉट' नावाची एक पिन असते. नाव 'प्रोसेसर हॉट'वरून आलेलं. आधी तिचं काम फक्त ओरडायचं : मी तापलोय. पुढे ती दुतर्फा झाली, म्हणजे बोर्डावरचा दुसरा कुणीही भाग तीच तार ओढून प्रोसेसरला सांगू शकतो, की हळू हो. प्रोसेसर कारण विचारत नाही. शंभर मेगाहर्ट्झच्या ठोक्याला आठने गुणून मिळतो त्या तळाच्या गिअरवर जाऊन बसतो. आठशे मेगाहर्ट्झ. म्हणजे आपलं ०.७९.

थ्रॉटलस्टॉप हे छोटं सॉफ्टवेअर टाकलं, तर 'बीडी प्रॉचॉट' लाल. मग तार ओढतंय कोण? कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह होतं : ११ टक्के, प्लग लावलेला, चार्ज होत नाही.

"हे कधीपासून?"

"महिना झाला असेल. म्हणून तर चार्जर काढतच नाही."

मी चार्जर उपटला. दोन सेकंदांत २.८ गिगाहर्ट्झ.

काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मधोमध केसाएवढी पिन असते. तिच्यातून चार्जर लॅपटॉपला आपली ओळख आणि वॅट सांगतो. ती वाकली, तर वीज येते पण ओळख पटत नाही. अनोळखी चार्जरवर जास्त भार नको, म्हणून लॅपटॉप बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरची तार ओढून ठेवतो. भावाच्या चार्जरची पिन एका बाजूला झोपलेली होती. बॅटरी संपेल या भीतीने महिनाभर कुणी तो काढून बघितलाच नव्हता, दुरुस्तीवाल्यानेही नाही.

थ्रॉटलस्टॉपमध्ये त्या खुणेवरची टिक काढून सिग्नल दुर्लक्षिताही येतो. भावाने ते लगेच शोधून काढलं आणि म्हणाला, "मग चार्जर कशाला घ्यायचा?" मी त्याला हीटसिंकचा व्हिडिओ दाखवला, अ‍ॅथलॉनचा भाग दोनदा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाचा तसलाच चार्जर आणून लावला, बॅटरीचा आकडा बारा झाला, आणि मामाला फोन केला, की पतपेढीत जाऊ नका.