गाड्या न थांबवितां बदललेली वीज



आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटे कल्याण ओलांडून मुंबईंत शिरूं लागली, कीं शेजारच्या रुळांवरून लोकल गाड्या धांवतांना दिसतात. रोज सत्तर लाखांहून अधिक माणसांची भाकरी या गाड्यांवर अवलंबून असे, त्या काळांत त्यांची वीज मुळापासून बदलली गेली. आणि तीही गाड्या चालूं ठेवून. त्या पालटाची हकीकत आज सांगावयाची आहे.

हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदराहून कुर्ल्यास गेली. ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा–बोरिवली मार्गही विजेवर आला. ही वीज १,५०० व्होल्ट दाबाची व एकाच दिशेनें वाहणारी, म्हणजे डी. सी. होती. दाब कमी असला कीं प्रवाह मोठा लागतो. त्यासाठीं तारा जाड व वीज पुरविणारीं उपकेंद्रें जवळजवळ ठेवावीं लागतात. पुढें १९५७ मध्यें भारतीय रेल्वेनें २५,००० व्होल्टची, दिशा पालटत वाहणारी ए. सी. वीज स्वीकारली. देशभर ती पसरत गेली आणि मुंबई मात्र जुन्या विजेचें बेट होऊन राहिली. गर्दी वाढली, गाड्या लांब झाल्या. जुनी व्यवस्था तो भार पेलण्यास अपुरी पडूं लागली.

बदल अटळ होता, पण करावा कसा? आपला पुणें–कोल्हापूर मार्ग १९७१ मध्यें मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला. तेथें जुनी गाडी नव्या रुळांवर चालणें शक्यच नव्हतें. विजेच्या बाबतींत मात्र मधली वाट होती. १९७५ पासून मुंबई–अहमदाबाद मार्गावर दोन्ही विजांवर चालणारीं इंजिनें होतीं. तीच युक्ति लोकलला लागू झाली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें २००७ पासून दोन्ही प्रवाह जाणणाऱ्या नव्या गाड्या येऊं लागल्या. म्हणजे वीज बदलण्यापूर्वीं गाडी बदलली!

मग तारांचें काम निघालें. लहान मुलास वाढत्या अंगाचा सदरा शिवावा, तसे मोठ्या दाबाचे विद्युत्‌रोधक आधींच बसविले तरी तारेंतून जुनी वीज वाहूं शकते. मोठ्या दाबाच्या तारेपासून पुलांचें अंतरही अधिक लागतें. म्हणून ठेंगण्या पुलांचा प्रश्न उभा राहिला. सिग्नलांची यंत्रणाही नव्या विजेस अनुरूप करावी लागली. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटण्यापूर्वीं जे रात्रीचे थोडके तास मिळत, ते या कामाचे.

नंतर बाहेरच्या टोकाकडून शहराकडे, एकेक टप्पा नव्या विजेवर आला. दोन विजांच्या सीमेवर तारेचा थोडा भाग निर्जीव ठेवलेला असे. तेथें मोटरमन वीज तोडी, डब्यांतील दिवे व पंखे क्षणभर बंद पडत, गाडी आपल्या वेगानेंच पुढें सरके आणि पलीकडे नवी वीज घेई. केवळ जुनी वीज जाणणारी गाडी पलीकडे जातां कामा नये, एवढी एकच गोष्ट प्राणपणानें जपावयाची होती.

पश्चिम रेल्वेचें काम २०१२ मध्यें, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचें २०१५ मध्यें, आणि हार्बर मार्गाचें एप्रिल २०१६ मध्यें पुरें झालें. १९२५ सालची पहिली गाडी ज्या हार्बर मार्गावर धांवली होती, त्याच मार्गावरून जुनी वीज शेवटीं निघून गेली.

हें सारें त्रासावांचून झालें असें मी म्हणणार नाहीं. रविवारचे मेगाब्लॉक व ठेंगण्या पुलांखालीं मंदावणारी चाल प्रवाशांनीं सोसली. पण गिरणीचा कामगार, रुग्णालयाची परिचारिका, परीक्षेचा विद्यार्थी यांची सोमवारची गाडी सुटावी, ही अट कायम ठेवूनच काम झालें. जुनें काढण्याची घाई सर्वांनाच असते. परंतु जुनें व नवें दोन्ही जाणणारा दुवा आधीं निर्माण करावा आणि मगच जुन्यास हात घालावा, हें शहाणपण रेल्वेपुरतेंच नव्हे.