संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह

संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह हे कोल्हापूर शहराच्या मध्यवस्तीत, खासबाग मैदानाला लागून असलेले ऐतिहासिक नाट्यगृह आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ते बांधवले. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूचे मूळ नाव 'पॅलेस थिएटर' असे होते. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत तिचा मोठा भाग जळून गेला.

इतिहास

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त शाहू महाराज युरोपला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले. हजारो प्रेक्षकांना एकाच वेळी खेळ पाहता यावा ही तेथील कल्पना त्यांना भावली आणि त्यातून प्रथम खासबागेतील कुस्तीचे मैदान साकारले. हे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. त्यानंतर १९१३ मध्ये शेजारीच नाट्यगृहाचे काम सुरू झाले. आखाडा आणि रंगभूमी एकमेकांना पाठ लावून उभी करण्याची ही योजना शाहू महाराजांच्या आवडीनिवडीचे नेमके चित्र आहे. मल्ल आणि नट या दोघांनाही त्यांनी सारखाच आश्रय दिला. तोवर अनेक नाटक मंडळ्यांचे प्रयोग तात्पुरत्या मांडवात होत असत. अशा काळात संस्थानी राजधानीत पक्के, दगडी नाट्यगृह मिळणे ही संगीत नाटकाच्या दृष्टीने मोठी सोय होती.

नामकरण

स्वातंत्र्योत्तर काळात नाट्यगृहाला गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांनी लहान वयातच 'संगीत शारदा'मधील शारदेच्या भूमिकेने नाव मिळवले. १९०८ मध्ये त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी स्थापन केली. हुंड्याच्या प्रश्नावरील मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' याच मंडळीने रंगभूमीवर आणले. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'च्या प्रयोगात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. त्यानंतर काही महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचे निधन झाले.

वास्तुरचना

प्रेक्षागृहात मध्ये कोठेही खांब नव्हता, त्यामुळे मागच्या रांगेतूनही रंगमंच विनाअडथळा दिसे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात नटाचा आवाज शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणे हीच नाट्यगृहाची खरी कसोटी असे. या नाट्यगृहाच्या ध्वनिव्यवस्थेविषयी कलावंत आजही आवर्जून बोलतात. पुढील काळात महानगरपालिकेने वास्तूचे वेळोवेळी नूतनीकरण केले.

२०२४ची आग

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छत आणि प्रेक्षागृहातील खुर्च्या भस्मसात झाल्या. खासबाग मैदानाच्या बाजूचे व्यासपीठही आगीत सापडले. जीवितहानी झाली नाही. दर्शनी भाग आणि दगडी भिंती मात्र बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. जळालेली वास्तू पाहून कलावंत आणि नागरिक यांना अश्रू अनावर झाले. शहरातील हौशी संस्था, राज्य नाट्यस्पर्धेतील संघ आणि दौऱ्यावरील व्यावसायिक नाटके यांचे कोल्हापुरातील हक्काचे ठिकाण एका रात्रीत नाहीसे झाले होते. नाट्यगृह मूळ स्वरूपात पुन्हा उभारण्याची मागणी लगेच पुढे आली. राज्य शासनाने त्यासाठी निधी जाहीर केला व पुनर्बांधणी हाती घेण्यात आली.

पर्यटन

कोल्हापूरला येणारे बहुतेक प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेऊन रंकाळ्याकडे वळतात. खासबाग परिसर मंदिरापासून फार दूर नाही. नाट्यगृहाची दगडी दर्शनी बाजू आणि तिच्या मागचे कुस्तीचे मैदान एकत्रच पाहावे. मध्यभागी गोल हौदा आणि सभोवती उतरत्या बैठका अशी मैदानाची रचना असल्याने पुढच्या माणसाचे डोके मागच्याच्या आड येत नाही. नाट्यगृह बांधतानाही प्रेक्षकाच्या नजरेचा हाच विचार झाला होता.