अष्ठीला-शस्त्रक्रियेतील प्रादेशिक बधिरीकरण (वृद्धांमधील)

व्यवहारात जिला सर्रास प्रॉस्टेट म्हणतात ती अष्ठीला ग्रंथी पन्नाशी उलटल्यावर बहुतेक पुरुषांत वाढू लागते, आणि ही वाढ मूत्रमार्गास चोहोबाजूंनी दाबू लागली म्हणजे रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे व अखेरीस लघवी तुंबणे या क्रमाने पुष्कळांवर शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. रुग्णाची शुद्ध न हरपता शरीराचा केवळ खालचा भाग बधिर करून ही शस्त्रक्रिया करण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आहेत, त्यांचा तौलनिक विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी व दक्षिणेस शास्त्रीची जयगड खाडी यांच्या दरम्यान वसलेल्या गुहागर तालुक्यात, जेथे कर्ती पिढी मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त गेलेली व घरी वृद्धच राहिलेले अशी स्थिती कित्येक वाड्यांत दिसते, तेथे हा विषय केवळ ग्रंथगत राहत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय असले तरी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा चिपळूण, डेरवण, रत्नागिरी किंवा थेट मुंबई गाठावी लागते. आणि लघवीची नळी व पिशवी सांभाळीत एस.टी.ने अथवा भाड्याच्या गाडीने निघालेल्या वृद्धाच्या मनात शस्त्रक्रियेपेक्षाही भुलेचे भय अधिक असते.

कोणती पद्धत पुरेशी पडेल हे मज्जातंतूंच्या रचनेवर अवलंबून आहे. ग्रंथी, मूत्राशयाची मान व मूत्रमार्ग यांची वेदना त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंवाटे वाहते. परंतु शस्त्रक्रिया चालू असता धुण्याच्या द्रवाने मूत्राशय फुगला की त्याचा ताण वरच्या, म्हणजे छातीच्या दहाव्या मज्जातंतूपर्यंतच्या मार्गाने जाणवतो. म्हणून बधिरता बेंबीच्या पातळीपर्यंत चढणे इष्ट असते. त्याहून वर ती जाऊ नये, याचे कारण रक्तदाबापुरतेच नाही: ग्रंथीच्या आवरणास किंवा मूत्राशयास छिद्र पडले असता पोटात वा खांद्यात जी कळ उठते तीच शल्यविशारदास मिळणारी पहिली इशारत असते, आणि फाजील वर चढलेली भूल ती इशारत दाबून टाकते.

मेरुद्रवात औषध सोडून बधिरता आणण्याचा पहिला यशस्वी प्रयोग जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर याने १८९८ साली कोकेन वापरून केला, आणि त्याच महिन्यात त्याने व त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने स्वतःवरही तो करून पाहिला. नंतर उद्भवलेली तीव्र डोकेदुखी त्या दोघांनी स्वतः भोगली व प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. पुच्छभागातून, म्हणजे त्रिकास्थीच्या खालच्या छिद्रातून औषध देण्याची पद्धत सिकार व कातलँ यांनी १९०१ साली मांडली. कमरेच्या मणक्यांतून दृढतानिकेच्या, म्हणजे मेरुरज्जूवरील बाहेरच्या जाड आवरणाच्या, बाहेर औषध सोडण्याची पद्धत स्पेनच्या फिदेल पाखेस याने १९२१ साली. अष्ठीला-शस्त्रक्रियाही याच काळात घडत होती. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानात काढून परतलेल्या पीटर फ्रेयर याने लंडनमध्ये १९०० साली ओटीपोटातून ग्रंथी काढण्यास आरंभ केला, टेरेन्स मिलिन याने १९४५ साली मूत्राशय न उघडता ती काढण्याचा मार्ग दाखविला, आणि दरम्यान स्टर्न व मॅकार्थी यांच्या हत्याराने मूत्रमार्गातूनच ग्रंथी तासण्याची सोय झाली. वृद्धांसाठी आज प्रचारात असलेली शस्त्रक्रिया मुख्यतः ही शेवटचीच होय.

रुग्ण व नातलग जिला ‘कमरेतली भूल’ म्हणतात ती मेरुद्रवातील भूलच या कामी सर्वत्र प्रथम पसंतीची ठरली आहे. रुग्णास टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवितात, हनुवटी छातीस टेकवून पाठीची कमान करावयास सांगतात, आणि परिचारिका समोरून खांदे धरून उभी असताना भूलतज्ज्ञ मेरुरज्जू संपतो त्याच्या पुष्कळ खाली, तिसऱ्या-चौथ्या कटिमणक्यांमधील फटीत बारीक सुई घालतो. सुईच्या टोकाशी स्वच्छ पाण्यासारखा थेंब दिसला की साखर मिसळून जड केलेले ०.५ टक्के बुपिव्हाकेन दोन-अडीच मिलिलिटर सोडतात, आणि पाचदहा मिनिटांत पाय जड होतात. आयुष्यभर भाताच्या खाचरांत वाकून काम केलेल्या किंवा होडी ओढलेल्या सत्तरीच्या माणसाची पाठ मात्र सहजी वाकत नाही, मणक्यांतील बंध चुनखडीसारखे कठीण झालेले असतात, व मधली फट सापडत नाही. अशा वेळी सुई मध्यरेषेच्या बाजूने घालणे, अथवा मूत्ररोगतज्ज्ञ टेलर याने १९४० साली वर्णिलेल्या पाचव्या कटिमणक्याखालील रुंद फटीचा आश्रय करणे, हे दोन उपाय हाती राहतात. बीअरला छळणारी डोकेदुखी वृद्धांत सुदैवाने क्वचितच होते, पेन्सिलीच्या टोकाच्या बारीक सुईने तर फारच कमी. आणि या भुलेने लघवी अडते हा इतरत्र रास्त असलेला आक्षेप येथे निरर्थक ठरतो, कारण शस्त्रक्रियेनंतर नळी असतेच.

तिचा खरा दोष रक्तदाब एकाएकी उतरणे हा होय. वृद्धाच्या रक्तवाहिन्या ताठर, हृदयाचा प्रतिसाद मंद, आणि शिवाय ग्रंथीसाठीच महिनोन्महिने घेतलेली टॅम्सुलोसिनसारखी औषधे याच दिशेने खेचणारी. म्हणून अलीकडे बुपिव्हाकेनची मात्रा ५ ते ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवून तिला २५ मायक्रोग्रॅम फेंटानिलची जोड देतात. बधिरता पुरेशी मिळते व दाब कमी ढळतो, मात्र शस्त्रक्रिया लांबल्यास तिचा अंमल अपुरा पडण्याचा संभव राहतो. दाब सावरण्यासाठी सलाइनचा मारा करणे ही जुनी रीत वृद्धांत घातक ठरू शकते, कारण भूल उतरल्यावर तेच पाणी कमजोर हृदयावर येऊन आदळते. त्यापेक्षा मेफेंटरमीन वा फेनिलएफ्रिन हाताशी ठेवावे. शस्त्रक्रियेच्या शेवटी वर टांगलेले पाय खाली घेताना तर विशेष खबरदारी हवी. ते सावकाश घ्यावेत, आणि त्या क्षणी दाबाच्या यंत्रावरून नजर हलू नये.

या पद्धतीचा सर्वांत मोलाचा गुण मात्र औषधात नसून रुग्णाच्या बोलण्यात आहे. ग्रंथी तासताना दृष्टी स्वच्छ राहावी म्हणून सतत द्रव सोडावा लागतो, आणि विजेच्या जुन्या एकध्रुवी हत्यारासोबत मिठाचे पाणी चालत नसल्याने १.५ टक्के ग्लायसीनचे द्रावण वापरतात. पूर्वी साधे निर्जंतुक पाणीच वापरीत, पण ते रक्तात शोषले जाऊन तांबड्या पेशी फुटतात असे क्रीव्ही याने १९४७ साली दाखवून दिले. ग्लायसीनही उघड्या पडलेल्या शिरांतून शोषले जातेच, आणि रक्तातील सोडियम, जे १३५ ते १४५ असावयाचे, ते १२५ च्या खाली घसरले की मेंदूवर परिणाम दिसू लागतात. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णात ही घसरण फार उशिरा कळते. जागा असलेला वृद्ध मात्र वारंवार जांभया देऊ लागतो, अस्वस्थ होतो, मळमळते म्हणतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, क्वचित समोरचे दिसेनासे झाल्याचे सांगतो. “आबा, गाव कुठलं तुमचं? वेळणेश्वर की हेदवी?” अशी चौकशी भूलतज्ज्ञ दर काही मिनिटांनी करीत असेल, तर एरवी वाडीतल्या प्रत्येक घराचे नाव सांगणारा माणूस उत्तरात अडखळला की शल्यविशारदास तत्काळ थांबवून रक्ततपासणीची तजवीज करता येते. म्हणूनच रुग्णाच्या कानातले यंत्र शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी काढून घेणे, किंवा भीती घालविण्यासाठी झोपेचे औषध सढळ हाताने देणे, या दोन्ही गोष्टी अयोग्य होत. त्यांनी या पद्धतीचा मुख्य लाभच नाहीसा होतो. द्विध्रुवी हत्यार व लेसर यांच्यासोबत मिठाचे पाणी वापरता येत असल्याने सोडियमचा हा धोका आता बराच ओसरला आहे, तथापि फाजील पाणी अंगात मुरण्याचा धोका राहतोच, आणि “दम लागतो” ही तक्रार करावयास रुग्ण जागाच लागतो.

दृढतानिकेबाहेरील भूल अधिक सावकाश चढते व बारीक नळीवाटे थोडीथोडी वाढविता येते, त्यामुळे हृदयाची झडप आकुंचित झालेल्या रुग्णात काही भूलतज्ज्ञ मोठ्या सावधगिरीने तिचा अवलंब करतात. पण पाचवा कटितंतू व पहिला त्रिकतंतू हे जाड असल्याने त्यांत औषध उशिरा मुरते, त्रिकभाग कधी अर्धवट जागा राहतो, आणि नेमका तोच भाग येथे बधिर हवा असतो. वृद्धांत मणक्यांच्या बाजूची छिद्रे आक्रसलेली असल्याने नेहमीचीच मात्रा अपेक्षेपेक्षा वर चढते, हेही ध्यानात ठेवावे लागते. दोन्ही पद्धतींची सांगड घालून अल्प मात्रेची मेरुद्रवातील भूल व राखीव नळी अशी व्यवस्था लांबणाऱ्या कामासाठी उत्तम, परंतु तिला हात अनुभवी लागतो. पुच्छभागातील भूल लहान मुलांत जितकी सुलभ तितकी वृद्धांत नाही, कारण छिद्रावरील पडदा हाडासारखा घट्ट झालेला असतो. शिवाय ती मूत्राशयाच्या ताणापर्यंत पोचत नाही. ग्रंथीभोवती लिग्नोकेन टोचणे हे तुकडा काढून तपासण्याच्या कामी पुरते, मोठ्या शस्त्रक्रियेस सहसा नाही.

पूर्ण भुलेपेक्षा कमरेतली भूल वृद्धांची स्मृती व बुद्धी अधिक शाबूत ठेवते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो टिकलेला नाही. खुब्याच्या अस्थिभंगाच्या सुमारे १६०० रुग्णांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत दोन्ही गटांत बुद्धिभ्रमाचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. विडी ओढून फुप्फुसे खराब झालेल्या माणसात श्वासनलिकेत नळी घालणे टळते हा लाभ खरा आहे. स्मृतीच्या रक्षणाचे आश्वासन मात्र संमतिपत्रावर सही घेताना देऊ नये. कर्करोगासाठी यंत्रमानवाच्या साहाय्याने ग्रंथी समूळ काढताना डोके खाली व पोटात वायू भरलेला असल्याने पूर्ण भूलच द्यावी लागते.

मुंबईस हृदयात स्टेंट बसवून गावी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक असते. क्लोपिडोग्रेल चालू असता मणक्यात सुई घातल्यास रक्त साकळून मेरुरज्जू दबण्याचा धोका असतो, म्हणून ते हृदयतज्ज्ञाच्या अनुमतीने ५ ते ७ दिवस आधी थांबवावे लागते. केवळ ॲस्पिरिनची बहुधा हरकत नसते. औषधांचे कागद पुष्कळदा मुंबईच्या मुलाकडे आणि रुग्ण चिपळूणच्या खाटेवर अशी अवस्था असते, व गोळी कधी थांबविली हे कुणालाच सांगता येत नाही. तारीख निश्चित झाल्यावाचून मणक्यात सुई घालू नये. नळी घातलेला रुग्ण आठवडाभर थांबू शकतो.