जर्मन वाक्यातील क्रियापद आणि परभाषक शिक्षार्थी

परभाषा शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या निष्काळजीपणाचे फळ, अशी आम्हा शिक्षकांची जुनी समजूत आहे. ती किती अपुरी आहे, हे जर्मनीतील परदेशी कामगारांच्या बोलण्याने दाखवून दिले.

पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेनशी व १९६४ साली पोर्तुगालशी कामगारभरतीचे करार केले. तेथून आलेले श्रमजीवी जर्मन शिकले ते बहुधा शाळेत नव्हे, तर कारखान्यात आणि बाजारात. त्यांच्या भाषेचा अभ्यास वुपरटाल येथे झाला; माइझेल, क्लाझन व पीनेमान यांनी त्याचे निष्कर्ष १९८१ साली मांडले.

शिक्षार्थी प्रथम कर्ता, क्रियापद, कर्म असा सरळ क्रम धरतो. पुढे तो ‘आज’सारखा शब्द आरंभी आणतो; पण ‘हॉइटे इश आर्बाइटे’ असे म्हणतो. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी हवे: ‘हॉइटे आर्बाइटे इश’. हे साधण्यापूर्वी तो संयुक्त क्रियापदाचा उत्तरभाग वाक्याच्या शेवटी नेऊ लागतो. गौण वाक्याच्या अंती क्रियापद ठेवणे सर्वांत उशिरा येते. वेग माणसागणिक निराळा. पायऱ्यांचा क्रम मात्र एकच.

येथे मराठी वाचकास कौतुक वाटेल. ‘वाइल इश क्रांक बिन’ याचे शब्दशः मराठी ‘कारण मी आजारी आहे’! इटालियनाची शेवटची पायरी आपल्या तर घरचीच. मग सर्वांचा आरंभ एकच कसा? तुर्की व कोरियन भाषांतही क्रियापद अंती येते. त्या भाषकांच्या आरंभीच्या जर्मनमध्येही ते अंतीच असते, असे वाइनिका व यंग-शोल्टन या विदुषींनी पुढे प्रतिपादिले. तात्पर्य, आरंभावर मातृभाषेची छाया पडते, हे नाकारता येत नाही.

शिक्षकाने शिकविल्यास पायरी गाळता येते काय? पीनेमान यांनी इटालियन मुलांना दुसऱ्या स्थानाचा नियम वर्गात शिकवून पाहिला. आधीची पायरी चढलेल्यांस तो साधला; इतरांस साधला नाही. हा प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला.

आम्ही स्वतः कित्येक वर्षे वह्यांवर तांबडी पेन्सिल चालविली. चूक दुरुस्त करणे हे आमचे कर्तव्य खरेच. परंतु ‘हॉइटे इश आर्बाइटे’ म्हणणारा मागे पडलेला नसून एक पायरी वर आलेला असतो. ती पायरी ओळखल्यावाचून दिलेले गुण न्याय्य म्हणता येतील काय?