अ‍ॅक्रनची ती संध्याकाळ

शनिवार, ११ मे १९३५. तुम्ही अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभे आहात. हे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, सगळे इथलेच. मंदीनं माणसं पार पिचून गेलीत. पण दारूबंदी उठून दीड वर्ष झालंय आणि शनिवारी संध्याकाळी बार भरलेला आहे. त्याचं दार उघडलं की हसण्या-खिदळण्याचा आवाज थेट तुमच्यापर्यंत येतो.

तो आवाज आणखी एक जण ऐकतोय. लॉबीत येरझाऱ्या घालणारा हा उंच माणूस बघा. बिल विल्सन, वय ३९, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. एका कंपनीचा ताबा मिळवायला आला होता, तो बेत फसला. खिशात जेमतेम दहा डॉलर उरलेत. दारू सोडून पाचच महिने झालेत. आत जाऊन नुसतं जिंजर एल घेऊ, चार माणसांशी बोलू, असं त्याचं मन त्याला सांगतंय. दारू सोडू बघणाऱ्या प्रत्येकाला हे ‘नुसतं बसू’ ओळखीचं असतं.

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवतं. पाच महिने तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना उपदेश करत हिंडला. त्यांतला एकही सुधारला नाही, पण तो स्वतः मात्र कोरडा राहिला. म्हणजे आत्ता या गावात एखादा दारुडा शोधायला हवा, आणि तोही स्वतःसाठी!

लॉबीच्या एका टोकाला काचेखाली गावातल्या चर्चची यादी आहे. बिल त्यातलं एक नाव निवडतो आणि फोनकडे जातो. पाद्री वॉल्टर टंक्स त्याला काही नावं देतात. एकाकडून दुसऱ्याकडे, असं करत अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी बोलणं होतं. मी न्यूयॉर्कचा एक दारुडा आहे, असं तो त्यांना सरळच सांगतो. बाई फोन ठेवून देत नाहीत. त्यांना असाच एक माणूस माहीत आहे.

पण तो माणूस आज भेटण्याच्या स्थितीत नाही. उद्या मातृदिन, म्हणून डॉक्टर बॉब स्मिथ बायकोसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आलेत आणि पिऊन निपचित पडलेत.

आता रविवार, संध्याकाळचे पाच. हेन्रिएटाबाईंच्या घरी छोट्याशा खोलीत दोघं समोरासमोर बसलेत. डॉक्टर ५५ वर्षांचे, शल्यचिकित्सक. हात थरथरताहेत. पंधरा मिनिटंच थांबेन, असं त्यांनी बायकोला बजावलंय. दारूवर हा दलाल आपल्याला काय नवीन सांगणार?

बिल त्यांना काहीच शिकवत नाही. तो स्वतःचं सांगतो. किती वेळा शपथ घेतली, किती वेळा मोडली, बायकोचे काय हाल केले. ऐकता ऐकता डॉक्टरही स्वतःचं बोलू लागतात. घरात लपवून ठेवलेल्या बाटल्या त्यांनाही ठाऊक आहेत. उठतात तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेलेत.

चमत्कार मात्र लगेच झाला नाही. एका वैद्यकीय परिषदेला गेलेले डॉक्टर पुन्हा तर्र होऊन परतले. त्यानंतर त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती. हात स्थिर राहावेत म्हणून बिलनं त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच त्यांची शेवटची दारू. (हा उपाय आज कुणी करू नये. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.) त्या शेवटच्या बाटलीची तारीख १० जून धरली जाते आणि तोच दारू सोडू बघणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. महिना संपायच्या आत दोघं सिटी हॉस्पिटलमधल्या एका वकिलाच्या खाटेशी जाऊन बसले. ४ जुलैला तो वकील बाहेर पडला, तो परत कधी प्यायला नाही.

आता परत या, आपल्या गावात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग इथेही भरते. एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल, मांडलेल्या खुर्च्या. फी नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. एक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर गप्प बसा, चालतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, त्या उभारण्यात बिलची बायको लोइस हिचाच हात होता. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे विचारलंत तरी वाट सापडेल.

पहिल्या दिवशी दारातून परत फिरावंसं वाटेल. ओळखीचं कुणी भेटलं तर, अशी धास्ती वाटेल. पण आत बसलेला प्रत्येक जण एकदा त्याच दारात घुटमळलेला आहे आणि त्याला तुमची तितकीच गरज आहे. तुमचं स्वतःचं असो की घरातल्या कुणाचं, आज संध्याकाळी बारच्या दाराकडे पाय वळायच्या आधी बिलनं केला तसा एक फोन करा.