हवा उतरली की गाडी का थांबते?

ट्रकची हवा उतरली, ब्रेक जाम झाले आणि गाडी रस्त्यातच उभी राहिली, की आपण त्याला बिघाड म्हणतो. मला त्यात दीडशे वर्षांपूर्वीचा एक शहाणपणाचा निर्णय दिसतो.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869मध्ये रेल्वेच्या हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तो 22 वर्षांचा होता. इंजिनावरच्या टाकीतली दाबलेली हवा नळीतून डब्यांकडे सोडली की ब्रेक लागत. पण नळी फुटली किंवा डबे सुटले, तर ब्रेकच नाही. 1872मध्ये त्याने हे गणित उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतःची टाकी दिली आणि नळी कायम भरलेली ठेवली. नळीतला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागणार.

ही सुधारणा सगळ्यांनी लगेच स्वीकारली नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली. तिचे ब्रेक निर्वात पद्धतीचे होते, पण आपोआप लागणारे नव्हते. गाडी दोन भागांत तोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. चाकांमागे दगड लावले होते, ते पुरले नाहीत. डबे उतारावरून मागे धावत दुसऱ्या गाडीवर आदळले. 80 माणसं गेली, त्यांत बरीच मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आजच्या ट्रकमध्ये हेच तत्त्व स्प्रिंगच्या रूपात आहे. मागच्या चाकांपाशी दणकट स्प्रिंग ब्रेक आवळू पाहते आणि हवा तिला दाबून धरते. हवा उतरली की स्प्रिंग मोकळी होते.

म्हणून हवा का उतरली, हे शोधणं महत्त्वाचं. इंजिन चालू असूनही काटा चढत नसेल, तर कंप्रेसर, त्याचा फिल्टर किंवा गव्हर्नर तपासायचा. मोठी गळतीही असू शकते. इंजिन बंद केल्यावर काटा पडत असेल, तर गळती नक्की. पेडल दाबल्यावरच पडत असेल, तर ब्रेक चेंबरचा डायाफ्राम किंवा त्याकडे जाणारी नळी. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. टाकीतून पाण्याबरोबर खूप तेल निघालं, तर संशय कंप्रेसरच्या रिंगांवर.

चेंबरच्या मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळता येते. ही सोय गाडी ओढून नेण्यासाठी आहे. पण माल वेळेवर पोचवण्याच्या घाईत कोणी तसाच ट्रक घाटात घातला, तर तो 1872च्या मागे जातो. मग हवा संपल्यावर ड्रायव्हरच्या हाती आर्माचे दगडच उरतात.